जुन्या बुलेटचं इंजिन बांधायला देताय? आधी कागद करा

अब्बांच्या इंतकालनंतर त्यांची बुलेट चार वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. १९७८ ची गाडी. विकायला कुणाचंच मन होईना. शेवटी ठरलं, इंजिन करून घ्यायचं. मिस्त्री ओळखीचे होते, जुम्म्याला एकाच मस्जिदमध्ये भेटणारे. त्यांनी अंदाज सांगितला बावीस हजार. मी दहा हजार हातावर ठेवले आणि म्हणालो, "करून टाका भाई, तुमच्यावर सोडतो."

हीच माझी चूक. तीन महिन्यांनी गाडी मिळाली तेव्हा हिशेब एकेचाळीस हजारांवर गेला होता. कुरकुरत दिले. तीनशे किलोमीटर झाले आणि भर रस्त्यात पिस्टन जॅम झाला. मिस्त्री म्हणाले, "सर, तुम्ही गाडी पळवली." मी म्हणालो, "तुम्ही बोअर टाईट ठेवला." खरं काय ते आजही सांगता येणार नाही, कारण बोअरचं माप कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि गाडी किती वेगानं चालवायची तेही मला कुणी लिहून दिलं नव्हतं. दीड वर्ष आम्ही एकाच सफमध्ये उभे राहिलो आणि सलामही केला नाही.

नंतर दुसऱ्या ठिकाणी काम केलं, तेव्हा सगळं नीट विचारून घेतलं. आपल्या कित्येक घरांत अब्बांची, दादांची अशी गाडी उभी आहे. आणि आपलीच कित्येक मुलं गॅरेजमध्ये हात काळे करून घर चालवतात. म्हणून हा लेख दोन्ही बाजूंसाठी आहे.

उघडल्याशिवाय दर का सांगता येत नाही

बुलेटची कहाणी इंग्लंडच्या रेडिचमधून आली. १९५५ साली तिथल्या कंपनीनं मद्रास मोटर्सबरोबर भागीदारी केली आणि मद्रासमध्ये बुलेट बनू लागली. जुन्या ३५० बुलेटचं कास्ट आयर्न इंजिन ३४६ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. मशीन साधं आहे, पण पन्नास वर्षांत त्यावर किती हात फिरलेत ते बाहेरून दिसत नाही.

गॅरेजमध्ये दोन शब्द कानावर पडतात. 'हाफ इंजिन' म्हणजे वरचं काम: बोअर, पिस्टन, रिंगा, हेड, वॉल्व्ह, गाइड. 'फुल इंजिन' म्हणजे त्याबरोबर खालचंही: क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंगा, ऑइल पंप. गाडी निळा धूर मारते, ऑइल खाते, तर बहुतेक वरचं काम असतं. खालून जड ठकठक येत असेल तर क्रँकवर संशय घ्यावा. पण पक्कं कळतं ते इंजिन खोलून माप घेतल्यावरच.

एक उदाहरण घ्या. या जुन्या इंजिनात रॉडच्या खालच्या टोकाला फ्लोटिंग बुश असतो. त्याला ऑइल पोचवणाऱ्या वाटेवर टायमिंग कव्हरमध्ये एक छोटं कॉर्क सील बसतं. वस्तू अगदी किरकोळ किमतीची. ते खराब झालं की ऑइल वाटेतच गळतं, बुश कोरडा पडतो आणि रॉड, क्रँकपिन सगळं खातो. म्हणजे वरच्या कामासाठी आलेली गाडी उघडल्यावर फुल इंजिनची निघू शकते. मिस्त्री अंदाज वाढवतो तेव्हा दर वेळी फसवतोच असं नाही. आणि गिऱ्हाईक चिडतं तेव्हा तेही दर वेळी चूक नसतं, कारण त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

शरीयतचा दृष्टिकोन

मजुरीनं काम करून घेणं म्हणजे इजारा. फिकहमध्ये इजाऱ्याची पायाभूत शर्त ही की काम काय आणि मजुरी किती, हे दोघांना आधी माहीत असावं. अनिश्चितता, म्हणजे गरर, जितकी जास्त तितका झगडा जास्त. "जे निघेल ते करा, पैसे नंतर बघू" हे वाक्य ऐकायला भरवशाचं वाटतं, पण त्यात गररच आहे.

कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाज किंवा रोजाबद्दल नाही. सूरह बकराची २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि त्यावर साक्षीदार घेण्याबद्दल आहे. आपण मात्र ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला लाजतो. म्हणतो, "विश्वास नाही का?" अहो, लिहिणं म्हणजे अविश्वास नव्हे. उलट उद्या दोघांपैकी एकाची आठवण चुकली, तर नातं वाचवायला तोच कागद कामी येतो.

मिस्त्रीसारखा अनेकांचं काम घेणारा कारागीर फिकहमध्ये 'अजीरे मुश्तरक' म्हटला जातो. त्याच्या हातून, त्याच्या कामामुळे वस्तू बिघडली तर भरपाई त्याच्यावर येते, असं हनफी फिकह सांगतं. वस्तू त्याच्या कृतीशिवाय गेली, समजा चोरीला गेली, तर मात्र मतभेद आहे. इमाम अबू हनीफा तिला अमानत मानतात. त्यांचे शागिर्द इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद म्हणतात की टाळता येण्यासारखं नुकसान असेल तर कारागीर जबाबदार. तुमचा प्रत्यक्ष मामला असेल तर जवळच्या आलिमांना विचारा.

सौदा दोन टप्प्यांत करा

पहिला टप्पा फक्त खोलण्याचा. इंजिन उतरवणं, खोलणं, धुणं, मापं घेणं, याची वेगळी मजुरी ठरवा आणि ती द्या, पुढचं काम तिथे करा अथवा न करा. मिस्त्रीची मेहनत फुकट जाता कामा नये.

मग भाग टेबलावर मांडलेले असताना स्वतः जा. सिलिंडर किती झिजलाय, याआधी किती वेळा बोअर झालाय, क्रँकचा रॉड हलतो का, गाइड ढिले आहेत का, बघून घ्या. बोअर एका मर्यादेपर्यंतच वाढवता येतो. त्यापुढे नवीन स्लीव्ह किंवा दुसरा सिलिंडर लागतो.

दुसरा टप्पा त्यानंतर. आता अंदाज नको, यादी हवी: कोणता भाग, नवा की दुरुस्त, कोणत्या कंपनीचा, किंमत किती, मजुरी किती, बोरिंगवाल्याचे आणि लेथवाल्याचे पैसे किती. त्यावर दोघांच्या सह्या. यादीबाहेर काही निघालं तर फोन करायचा, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा आणि 'हो' आल्यावरच काम. हा मेसेज जपून ठेवा.

कागदावर एवढं असू द्या

• गाडीचा, इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर, आणलेल्या दिवशीचे फोटो.
• सामान कोण आणणार. मिस्त्री आणणार असेल तर दुकानाचं बिल द्यायचं. तुम्ही आणलंत तर त्या सामानाची जबाबदारी तुमची.
• काढलेले जुने भाग परत मिळणार. बदललं की नाही हे त्यावरून कळतं, आणि जुन्या गाडीचे मूळ भाग नव्यापेक्षा मोलाचे असतात.
• आधी पिस्टन घ्यायचा, मग त्या पिस्टनला मापून बोअर करायचा. बोअरचं आणि पिस्टनचं माप बिलावर लिहायचं. (माझ्याकडे हेच नव्हतं.)
• क्रँक दाबून उघडला असेल तर परत जोडल्यावर डायल गेज लावून सरळ केला, याची नोंद.
• कामाची मुदत, आणि उशीर झाला तर कळवणं.
• जबाबदारी: किती महिने किंवा किती किलोमीटर, आणि कशाची. धूर, ठकठक, ऑइल गळती.

इंजिनाच्या नंबरला हात लावू देऊ नका

इंजिनाचा नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो. केस फुटलाय म्हणून दुसरा बसवला तर नंबर बदलतो, आणि आर.टी.ओ.मध्ये नोंद करून आर.सी. दुरुस्त करावी लागते. दुसऱ्या गाडीचा केस बिनकागदाचा बसवला तर गाडी चोरीची ठरण्याची भीती. नंबर घासून नवा कोरून देणारे भेटतात. तिथून सरळ उठून या.

२०२१ साली केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. पण इंजिन, चेसिस, बॉडीत मोठे बदल झालेले चालत नाहीत, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तुमची गाडी पन्नाशीच्या जवळ असेल तर मूळ भाग जपण्याचं हे आणखी एक कारण.

पैसे आणि कायदा

सगळे पैसे आधी देऊ नका, सगळे अडवूनही ठेवू नका. सामानाचे पैसे बिलाप्रमाणे, अर्धी मजुरी खालचं काम बसल्यावर, उरलेली गाडी सुरू होऊन चालवून बघितल्यावर. आणि ती त्याच दिवशी. मजुराची मजुरी लांबवण्याबद्दल हदीसमध्ये कडक ताकीद आहे. मिस्त्रीला "पुढच्या महिन्यात या" म्हणणारे गिऱ्हाईकही आपल्यातलेच असतात.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे ज्यानं वस्तूवर मेहनत केली त्याला ठरलेला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवता येते. त्याच कायद्याचं कलम १५१ सांगतं की ताब्यातल्या वस्तूची काळजी आपल्या स्वतःच्या वस्तूसारखी घ्यायला हवी. हक्क दोघांनाही आहे.

वाद मिटलाच नाही तर आधी मोहल्ल्यातल्या दोन समजदार माणसांना बसवा, शक्यतो एक जण काम जाणणारा. तेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात फी नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण तिथेही पहिला प्रश्न हाच येतो: बिल कुठे आहे?

गाडी घरी आल्यावर

आता जबाबदारी तुमची. नव्या रिंगा सिलिंडरला घासून बसायला वेळ लागतो. पहिले पाचशे किलोमीटर चाळीस-पन्नासच्या वर जाऊ नका, पाठीमागे जड माणूस नको, लांबचा चढ नको, थांबून थांबून चालवा. पाचशेला ऑइल बदला, टॅपेट तपासून घ्या. कधी बदललं ते त्याच कागदावर लिहा. उद्या काही झालं तर मिस्त्री विचारणारच, आणि त्याचा तो हक्क आहे.

अल्हम्दुलिल्लाह, अब्बांची गाडी आता चालते. पहिल्या मिस्त्रींना गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर मीच सलाम केला. त्यांनी हात धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "गाडी कशी आहे?" पैशांचं कुणीच बोललं नाही. पण दीड वर्ष गेलं ते गेलंच, आणि सुरुवातीला दहा मिनिटं बसून एक कागद लिहिला असता तर ते गेलं नसतं.