साखर नाकारणारी गाठ

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 साली सुरू झाला आणि नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, उसाचा जिल्हा झाला. गंमत अशी की कॅन्सरचा माग काढणारा पेट स्कॅनही बहुतेक वेळा साखरेवरच चालतो. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज शिरेतून देतात. अधाशी पेशी ते ओढून घेतात आणि पडद्यावर उजळतात.

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर इथेच चकवतो. अभिनेते इरफान खान यांनी 2018 मध्ये आपला आजार जाहीर केला, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. संप्रेरकं तयार करणाऱ्या पेशींतून ही गाठ आतड्यात, स्वादुपिंडात किंवा फुप्फुसात होते. काहींचा चेहरा अचानक लाल होतो, जुलाब लागतात. पोटाचंच दुखणं समजून वर्षं निघून जातात. गाठ संथ वाढणारी असेल तर तिला साखरेची ओढ बेताचीच. नेहमीचा पेट स्कॅन चक्क निर्दोष येऊ शकतो.

मग आमिष बदलावं लागतं. यातल्या बहुतेक गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राही दाटीनं असतात. त्यांना चिकटणाऱ्या ‘डोटाटेट’ रेणूवर गॅलियम-68 बसवून टोचतात आणि साधारण तासाभरानं स्कॅन करतात. पण हे गॅलियम दर 68 मिनिटांनी निम्मं होतं. पुण्याहून नगरला आणताना शिरूर-सुप्याच्या रस्त्यावर तीन तास गेले, तर जेमतेम सहावा हिस्सा उरेल. म्हणून जर्मेनियम-68 चा जनरेटर रुग्णालयातच ठेवतात आणि काही तासांच्या अंतरानं त्यातून ताजं गॅलियम काढतात. या क्षेत्रात अशा जनरेटरला ‘गाय’ म्हणतात. दुधाच्या या जिल्ह्यात ते वेगळं समजावायला नको.

चमकलं ते सगळं कॅन्सर नव्हे, हेही खरं. प्लीहा आणि मूत्रपिंडं एरवीही झळाळतात. स्वादुपिंडाच्या डोक्याचा एक निरोगी कोपरा तर भल्याभल्यांना फसवतो. शंका आली की मला दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून पाहणंच शहाणपणाचं वाटतं. गॅलियमवर उजळलेली पण साखरेला न शिवणारी गाठ सहसा सावकाश चालते. साखर खाऊ लागलेली गाठ आक्रमक असण्याची भीती जास्त.

गॅलियम जिथे चिकटलं, तिथेच पुढे औषधही पोचवता येतं. त्याच्या जागी ल्युटेशियम-177 बसवलं की तोच रेणू गाठीवर आतून किरणांचा मारा करतो. हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हे उपचार होतात. ते निम्मं व्हायला साडेसहा दिवसांहून थोडे अधिक लागतात, त्यामुळे नगरचा रस्ता त्याला अवघड नाही. अवघड आहे तो त्यासाठी लागणारा वेगळा वॉर्ड आणि पेशंटची किरणोत्सारी लघवी साठवून ठेवणाऱ्या टाक्या.