दवंडी कोणाच्या दारात?

ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात रात्रीतून पाणी चढले. लातूर, उदगीर आणि कर्नाटकाकडून आलेला लोंढा लेंडी धरणाच्या परिसरात एकवटला. रावणगाव, हसनाळ पाण्यात गेले. हसनाळमध्ये माणसे मेली. लष्कराला बोलवावे लागले.

1993 चा किल्लारीचा भूकंप सांगून आला नव्हता. पाऊस मात्र सांगून येतो. हवामान खाते जिल्हावार पिवळा, नारिंगी, लाल इशारा देते. 'दामिनी' अ‍ॅप जवळपासच्या विजेची सूचना देते, 'सचेत' अ‍ॅप आपत्तीची. पण हे सारे कोणासाठी? ओढ्याकाठच्या पत्र्याच्या घरात, ऊसतोड मजुराच्या कोपीत स्मार्टफोन असेलच असे नाही. असला तरी अवकाळीच्या रात्री वीज गेलेली, बॅटरी उतरलेली. मग इशारा ऐकायचा कोणी?

अमेरिकेत वादळी पट्ट्यातल्या हलक्या, फिरत्या घरांसाठी खास हवामान रेडिओ असतो. एरवी तो गप्प असतो. इशारा येताच आपोआप भोंगा वाजवतो. वीज गेली तरी बॅटरीवर चालतो आणि झोपलेल्याला उठवतो. आमच्या वस्तीत उठवणारे काय आहे?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 चे कलम 30 पूर्वसूचनेची यंत्रणा उभारून ती लोकांपर्यंत पोचवण्याचे काम जिल्हा प्राधिकरणावर सोपवते. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. कलम 61 सांगते, मदत देताना जात, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करू नये. आमचे म्हणणे एवढेच, की ही समता प्रेत उचलल्यानंतर का सुरू व्हावी? ती इशाऱ्यापासून सुरू झाली पाहिजे. जगण्याचा हक्क देणारे संविधानाचे कलम 21 मेल्यानंतर कामाचे नाही.

एकेकाळी गावाची दवंडी आमच्याच वाडवडिलांच्या गळ्यात बांधली होती. बाबासाहेबांनी ती गुलामगिरी झुगारायला शिकवले. ती आम्हाला परत नको. पण गावभर दवंडी देणाऱ्यांच्या वस्तीला आज कोणी हाक देऊ नये, हा कुठला न्याय?

म्हणून बांधवांनो, पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत लेखी ठराव मांडा. समाजमंदिरावर बॅटरीचा भोंगा हवा. तो वाजवण्याची जबाबदारी नावानिशी ठरलेली हवी. रात्री शाळेची किल्ली कोणाकडे असेल, तेही लिहून घ्या. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला येणाऱ्या शासनाला आधी इशारा घेऊन यायला लावणे, हे आपलेच काम आहे.