बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतून एका दिवसाची गाडीसफर

कामानिमित्त आठवडाभरासाठी येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी

• परवाना: १९४९च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो. सोबत मायदेशातला मूळ परवाना हवाच. वाहतूक डावीकडून.

• नंबर प्लेट: पांढरी खासगी गाडीची. पिवळीवर काळी अक्षरे टॅक्सीची, म्हणजे चालकासह. काळीवर पिवळी अक्षरे असतील तर गाडी स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळते. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने देणे बेकायदा.

• रामनगर: सर्वांत सोयीचे. नाइस रोडने शहराला वळसा घालून म्हैसूर रस्ता गाठता येतो, शहरातली कोंडी टळते. ‘शोले’चे (१९७५) चित्रीकरण इथल्याच खडकाळ डोंगरांत झाले. रामदेवर बेट्टावर गिधाडांचे अभयारण्य आहे. पुढे श्रीरंगपट्टण आणि म्हैसूर. मार्च २०२३मध्ये उद्घाटन झालेल्या बंगळूर–म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य मार्गिकांवर दुचाकी व रिक्षांना बंदी आहे.

• नंदी हिल्स: उंची १,४७८ मीटर. बंगळूरच्या उत्तरेला सुमारे ६० किमी. इलेक्ट्रॉनिक सिटी मात्र दक्षिण टोकाला. सूर्योदय गाठायचा तर भल्या पहाटे निघावे लागते. विमानतळ त्याच दिशेला, देवनहळ्ळीत.

• होसूर: राष्ट्रीय महामार्ग ४४वर, अत्तिबेलेनंतर तमिळनाडू. भाड्याच्या गाडीला राज्याबाहेर परवानगी आहे का, ते आधी विचारावे.

• टोल: फास्टॅग फेब्रुवारी २०२१पासून बंधनकारक.