परतलेला सैनिक आणि ऑनलाइन समुपदेशन

माजी सैनिकांच्या मानसिक आरोग्याविषयी एका बालरोगतज्ज्ञाने लिहावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मला या विषयाकडे नेले ते सात वर्षांच्या एका मुलाने. दोन वर्षे कोरडा राहिलेला हा मुलगा पुन्हा रोज रात्री अंथरूण ओले करू लागला होता. लघवी तपासली, रक्तातील साखर पाहिली, सोनोग्राफी केली, सारे ठीक. तिसऱ्या भेटीत आई खाली मान घालून म्हणाली, "हे कायमचे घरी आल्यापासून सुरू झालंय, डॉक्टर." वडील हवालदार म्हणून निवृत्त होऊन चार महिने झाले होते. तिन्ही वेळा ते सोबत आले होते, पण खुर्चीवर बसले नव्हते. भिंतीला पाठ लावून, दाराकडे डोळे ठेवून उभे राहिले होते. मी त्यांच्याकडे नीट पाहिलेच नव्हते. रात्री दोन वाजता उठून ते घराच्या सगळ्या कड्या तपासत आणि त्या आवाजाने मूल दचकून जागे होई, हे नंतर कळले.

बेळगावच्या डॉक्टरला असे कुटुंब भेटणे हा योगायोग नव्हे. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून येथे आहे. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, आजरा या पट्ट्यातील कितीतरी घरांच्या भिंतीवर गणवेशातील तसबीर असते. भरती झालेल्याची मिरवणूक काढणारे आणि हुतात्म्याच्या अंत्ययात्रेला लोटणारे गाव, धडधाकट परत आलेल्या माणसाशी काय बोलावे हे मात्र जाणत नाही. निवृत्त म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आजोबा उभे राहतात. पण शिपाई वा नाईक पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. त्याची मुले शाळेत असतात, पत्नीने इतकी वर्षे घर, शेती, बँक सारे एकटीने सांभाळलेले असते. सुटीत पाहुण्यासारखा येणारा बाप एकाएकी रोजचा होतो आणि त्याच्यापाशी हुकमाखेरीज दुसरा स्वर नसतो. बहुसंख्य सैनिक वर्षभरात यातून सावरतात, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रश्न उरलेल्यांचा आहे.

हवालदारांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास सुचविले. त्यांनी शांतपणे नकार दिला. लष्करी रुग्णालयात ओळखीचे लोक, शहरातील दवाखान्याबाहेर गाववाले. दारापाशी थांबून त्यांनी एवढेच विचारले, "फोनवर बोललं तर चालतं का?"

या एका प्रश्नातून आमचे काम सुरू झाले. दोन मानसोपचारतज्ज्ञ, एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, लष्करी परिचर्या सेवेतून निवृत्त झालेल्या एक भगिनी आणि मी. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टर भारतातील कोणत्याही भागातील रुग्णाला दूरस्थ सल्ला देऊ शकतो. चंदगड महाराष्ट्रात, बेळगाव कर्नाटकात. सीमाभागात हयात गेलेल्या मला ते वाक्य वाचताना हसू आले.

पहिल्या पत्रकावर आम्ही 'मानसिक आरोग्य' असे ठळक छापले. महिनाभर कोणी फिरकले नाही. मग ते शब्द काढून 'झोप, राग, मुले' एवढेच लिहिले, आणि पहिले चार फोन आले ते सैनिकांच्या पत्नींचे. त्यांच्यामागून काही आठवड्यांनी नवरे आले. व्हिडिओची आम्ही मोठ्या हौसेने केलेली तयारी मात्र बहुतांशी वाया गेली. समोरचा माणूस कॅमेरा लावतच नाही. दोन खोल्यांच्या घरात एकांत कुठला? कोणी उसाच्या बांधावरून बोलतो, कोणी रस्त्याकडेला मोटारसायकल उभी करून. म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो, "आपण आता कोठे आहात?" वेळ आलीच तर मदत नेमकी कोठे धाडायची, हे ठाऊक असावे लागते. दुसरा प्रश्न, जवळच्या विश्वासू माणसाचा क्रमांक. तिसरा, जवळ शस्त्र आहे का. कारण अनेक माजी सैनिक बँकांत बंदूकधारी पहारेकरी असतात. कँटीनमधून मिळणाऱ्या रमविषयी जरा उशिराने, ओळख झाल्यावर विचारतो. संभाषण मराठीत सुरू होते. पण चौकीवरच्या रात्रीची आठवण निघाली की माणूस नकळत फौजी हिंदीत शिरतो. त्याला अडवायचे नाही, हे आमच्या मानसशास्त्रज्ञ भगिनीने आम्हांला शिकविले.

एक चूक लिहिलीच पाहिजे. तिसऱ्या महिन्यात शनिवारी रात्री एकाने संदेश पाठविला, "झोपलात का?" आमची वेळ संपली होती, तो वाचला गेला सोमवारी. तो गृहस्थ पहाटेपर्यंत विहिरीच्या काठावर बसून घरी परतला होता. त्याने तक्रार केली नाही. "साहेब, ड्यूटी संपली असेल तुमची," एवढेच म्हणाला. ते वाक्य मला अजून सलते. आता आमच्या वेळेबाहेर फोन वा संदेश आल्यास तत्काळ १४४१६ हा क्रमांक दिला जातो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस या राष्ट्रीय सेवेचा हा क्रमांक अहोरात्र चालतो. सैन्यदलांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आहे. मग आमची गरज काय? आमच्याकडे दर आठवड्याला त्याच वारी तोच आवाज भेटतो, इतकाच फरक. अनेकांना तेवढाच हवा असतो. औषधे आम्ही या मार्गाने देत नाही. दारू एकाएकी सोडल्याने उद्भवणारा भ्रम किंवा आत्महत्येचा विचार दिसला, तर प्रत्यक्ष भेट अटळ असते.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने हा विषय आणखी निकडीचा केला आहे. भूदलातील पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले आणि सेवा चार वर्षांची. कायम होणार फार तर चारांतील एक. उरलेले तीन ऐन पंचविशीच्या आसपास गावी परतणार. योजनेच्या अटींनुसार त्यांना निवृत्तिवेतन नाही, ईसीएचएसचे सदस्यत्वही नाही. छातीत धडधडते, झोप येत नाही, म्हणून ते प्रथम येतील ते आपल्यापैकी कोणाच्या तरी सामान्य दवाखान्यात. त्यांचा ईसीजी जरूर काढावा. मात्र घरी येऊन किती दिवस झाले, हेही विचारावे.

आमच्या हवालदारांना मानसशास्त्रज्ञांनी एक साधे काम दिले. रात्री नऊला बापलेकांनी मिळून सगळ्या कड्या लावायच्या. शेवटची कडी मुलाने लावायची. मुलगा आता कोरडा आहे. वडील अधूनमधून दोनला उठतात. पण कड्यांना हात न लावता पाणी पिऊन झोपतात.

समुपदेशनाची वेळ मंगळवारी व शुक्रवारी रात्री आठ ते दहा अशी आहे. शुक्रवारसाठी कन्नड उत्तम बोलणारा एक समुपदेशक अद्याप हवा आहे.