बातमीत पहिले कोण बोलते?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

नाशिकजवळच्या देवळालीचे नाव इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्रजांच्या काळी तिथे लष्कराची मोठी छावणी होती. मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत गोऱ्या शिपायांना तिथे दिवसच्या दिवस काढावे लागत. उन्हाने, तापाने आणि रिकामपणाने त्यांचे डोके फिरायची वेळ येई. त्यावरून ‘डुलॅली’ हा शब्द इंग्रजीत रुळला. अर्थ सरळ आहे. डोके फिरलेला.

याच देवळालीवर बीबीसीने एक विनोदी मालिका केली. ‘इट एन्ट हाफ हॉट, मम’ हे तिचे नाव. म्हणजे ‘आई गं, काय हे उकडतंय!’ १९७४ ते १९८१ अशी ती चालली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या देवळालीच्या छावणीत नाटकुली करणाऱ्या गोऱ्या सैनिकांची ती गोष्ट होती. तिच्यात रंगी राम नावाचा एक हिंदुस्थानी नोकर होता. ही भूमिका मायकेल बेट्स हा गोरा नट चेहऱ्याला तपकिरी रंग फासून करीत असे. लाखो इंग्रज कुटुंबे जेवणे उरकून ही मालिका पाहत आणि पोट धरधरून हसत. त्याच सुमारास त्यांच्या शेजारच्या घरात खराखुरा हिंदुस्थानी किंवा जमैकन माणूस राहायला आलेला होता. त्याला मात्र हसू येत नव्हते.

१ मार्च १९७९ रोजी बीबीसीच्याच दुसऱ्या वाहिनीवर अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम झाला. त्याचे नाव मुद्दाम त्या मालिकेवर बेतले होते: ‘इट एन्ट हाफ रेसिस्ट, मम.’ त्याच्या दोन निवेदकांपैकी एक होता सावळ्या वर्णाचा, दाढीवाला, शांत आवाजाचा प्राध्यापक. बीबीसीच्या पडद्यावर बसून तो बीबीसीच्याच बातम्यांची चिरफाड करीत होता. त्याचे नाव स्टुअर्ट हॉल. प्रसारमाध्यमे, संस्कृती आणि अल्पसंख्याकांची अस्मिता या तिन्हींचा मिळून अभ्यास होऊ शकतो, ही गोष्ट आज जगभरच्या विद्यापीठांत गृहीत धरली जाते. तिच्या पायाचे दगड ज्यांनी घातले, त्यांत हॉल यांचे नाव फार वरचे आहे.

हॉल यांचा जन्म १९३२ साली जमैकातल्या किंग्स्टन शहरात झाला. जमैका तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. घर मध्यमवर्गीय, वडील एका अमेरिकन फळकंपनीत हिशेबनीस. त्या समाजात माणसाची किंमत कातडीच्या छटेवर ठरे. जितका उजळ तितका वरचा. आपल्याकडच्या वधूवर सूचक जाहिराती वाचणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. हॉल घरात सर्वांत सावळे. ते जन्मले तेव्हा थोरल्या बहिणीने पाळण्यात डोकावून हे कुलीचे पोर कुठून आणले, असे विचारले म्हणे. घरात हा किस्सा विनोद म्हणून सांगितला जाई. आता तिथे कुली म्हणजे कोण? तर हिंदुस्थानातून मजुरीच्या करारावर नेलेला माणूस. १८४५ पासून आपली हजारो माणसे जमैकाच्या मळ्यांवर राबायला गेली होती आणि त्या समाजाच्या उतरंडीत ती अगदी तळाला होती. एका शब्दात मुलाचा रंग आणि त्याची जागा दोन्ही ठरून गेले.

त्याच बहिणीच्या वाट्याला पुढे जे आले ते हॉल कधी विसरले नाहीत. तिचे बार्बेडोसहून आलेल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्यावर प्रेम बसले. मुलगा सुशिक्षित, पण रंगाने काळा. आईवडिलांनी ते मोडून काढले. मुलगी मनाने कोलमडली, तिला विजेचे झटके देण्याचे उपचार झाले आणि ती पूर्वीसारखी कधीच झाली नाही. समाजाचे नियम बाहेर रस्त्यावर असतात आणि मन मात्र आपले खासगी असते, या समजुतीवरचा हॉल यांचा विश्वास तिथेच उडाला. संस्कृती माणसाच्या आत किती खोल जाते, याचा पहिला धडा त्यांना घरातच मिळाला.

१९५१ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले. तिथे त्रिनिदादची, बार्बेडोसची मुले भेटली, आणि आपण नुसते जमैकन नसून ‘वेस्ट इंडियन’ आहोत, हे त्यांना इंग्लंडमध्ये येऊन उमगले. हेन्री जेम्स या कादंबरीकारावर प्रबंध लिहायला घेतला, पण तो अर्धवट सोडला. जगभर ज्यांच्यावर प्रबंध लिहिले जातात, त्या या प्राध्यापकाने स्वतः डॉक्टरेट कधी पुरी केली नाही. लंडनच्या शाळेत त्यांनी बदली शिक्षक म्हणून शिकवले. १९६० साली सुरू झालेल्या ‘न्यू लेफ्ट रिव्ह्यू’ या नियतकालिकाचे ते पहिले संपादक झाले.

१९६४ साली रिचर्ड हॉगार्ट यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचे एक केंद्र काढले आणि हॉल यांना सोबतीला घेतले. पुढे केंद्राची धुरा हॉल यांच्याकडेच आली. सिनेमा, मालिका, बायकांची मासिके, पोरांचे कपडे आणि गाणी, हे सगळे तिथे अभ्यासाचे विषय ठरले. विद्यापीठातल्या जुन्या मंडळींना हा पोरखेळ वाटे. केंद्राची पद्धतही निराळी होती. गुरूने सांगायचे आणि शिष्याने उतरवून घ्यायचे असे नाही, तर सगळ्यांनी मिळून वाचायचे, भांडायचे आणि मिळून लिहायचे. स्त्रीवादी विद्यार्थिनींनी तर खुद्द केंद्रातच पुरुषांचे राज्य चालते असे ठणकावून सांगितले, आणि हॉल यांना ते कबूल करावे लागले.

इथेच १९७३ मध्ये हॉल यांनी एक साधा वाटणारा विचार मांडला. तोवर समजूत अशी होती की दूरचित्रवाणी संदेश पाठवते आणि प्रेक्षक तो जसाच्या तसा गिळतो. हॉल म्हणाले, तसे नसते. कार्यक्रम करणारा आपल्या समजुतींसह अर्थाची मोट बांधतो. पाहणारा ती आपल्या अनुभवाच्या हाताने सोडतो. ती सोडण्याच्या तीन तऱ्हा. समजा, बातमी आली की देशाच्या भल्यासाठी पगारवाढ रोखायला हवी. एक कामगार म्हणेल, अगदी बरोबर. दुसरा म्हणेल, देशासाठी बरोबर आहे, पण आमच्या कारखान्यात पगार फारच कमी, आम्ही संप करणार. तिसरा म्हणेल, देशाच्या नावावर हे मालकांचेच हित चालले आहे. बातमी एक, अर्थ तीन. प्रेक्षक मातीचा गोळा नव्हे, हे एकदा मान्य झाल्यावर माध्यमांच्या अभ्यासाची दिशाच बदलली.

पण बांधणाऱ्याचे बळ आणि सोडणाऱ्याचे बळ सारखे नसते, हेही त्यांना ठाऊक होते. १९७२ च्या नोव्हेंबरात बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ या स्थलांतरितांच्या वस्तीत तीन मुलांनी एका माणसाला बेदम मारले आणि त्याच्याकडचे किरकोळ पैसे लुटले. गुन्हा वाईटच होता. पण मार्च १९७३ मध्ये शिक्षा झाली ती अशी: एकाला वीस वर्षे, दोघांना दहा-दहा वर्षे. वीस वर्षे ज्याला मिळाली तो सोळा वर्षांचा होता. असे का झाले? तर त्या काळात ‘मगिंग’ हा अमेरिकेतून आयात केलेला शब्द वृत्तपत्रांनी डोक्यावर घेतला होता. रस्त्यावर लुटणे इंग्लंडला नवे नव्हते, पण नाव नवे मिळाले आणि त्या नावाला काळा चेहरा चिकटला.

हॉल आणि त्यांचे चार सहकारी या प्रकरणाच्या मागे लागले. पाच वर्षांनी, १९७८ मध्ये, ‘पोलिसिंग द क्रायसिस’ हा ग्रंथ आला. पत्रकार कट करून खोटे लिहितात असे त्यांनी म्हटले नाही. त्यांचे निरीक्षण याहून सूक्ष्म होते. बातमीदाराला वेळ थोडा असतो आणि विश्वासार्ह माणूस हवा असतो. म्हणून तो आधी पोलिसांकडे, न्यायाधीशांकडे, मंत्र्यांकडे जातो. जो पहिला बोलतो तो प्रश्नाची चौकट आखतो. नंतर बोलणाऱ्या वस्तीतल्या माणसाला त्या चौकटीतच उत्तर द्यावे लागते. मग न्यायाधीश निकालात म्हणतो की लोक घाबरले आहेत, वृत्तपत्र न्यायाधीशाचे वाक्य छापते, आणि ते वाचून लोक आणखी घाबरतात. चाक फिरत राहते. हा देश मुळात आर्थिक संकटात होता. त्या अस्वस्थतेला एक सोपा चेहरा मिळाला.

१९७९ च्या त्या कार्यक्रमात हॉल हेच दाखवत होते. उघड शिवी देणारा ओळखू येतो. पण सभ्य, समतोल चर्चेचा विषयच जर ‘स्थलांतरित फार झाले, काय करावे?’ असा असेल, तर अडचणीचे मूळ ती माणसेच, हे कुणी न बोलता आधीच ठरलेले असते. चर्चेत दोन्ही बाजू असल्या तरी प्रश्न एकाच बाजूचा असतो.

त्याच वर्षी ते ओपन युनिव्हर्सिटीत प्राध्यापक झाले आणि १९९७ पर्यंत तिथे राहिले. महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या नोकरदारांना, गृहिणींना घरबसल्या पदवी देणारे हे विद्यापीठ. त्याचे धडे बीबीसीवरून भल्या पहाटे किंवा रात्री उशिरा दाखवले जात. ज्या पडद्यावर काळ्या माणसाला नोकर किंवा विदूषक म्हणून पाहायची सवय होती, त्याच पडद्यावर असा माणूस समाजशास्त्र शिकवू लागला.

याच काळात त्यांनी अस्मितेविषयी लिहिले, आणि ते आपल्या माणसांनाही सोपे नव्हते. ब्रिटनमध्ये वेस्ट इंडियन आणि आशियाई लोकांनी ‘काळे’ या एकाच शब्दाखाली एकजूट केली होती. हॉल म्हणाले, या शब्दाने लढा दिला, पण त्याखाली बायका, गरीब, वेगवेगळ्या धर्मांचे लोक झाकले जाऊ नयेत. अस्मिता म्हणजे पूर्वजांनी जमिनीत पुरून ठेवलेला हंडा नव्हे, की खणला आणि सापडला. ती इतिहासातून येते खरी, पण सतत घडत असते. आपण कुठून आलो याइतकेच आपण काय होत आहोत, हेही तिच्यात असते.

या वाटेने पुढे अनेक जण गेले. मारी गिलेस्पी यांनी लंडनच्या साउथॉल भागातल्या पंजाबी तरुणांमध्ये राहून अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९९५ मध्ये आले. ‘नेबर्स’ ही ऑस्ट्रेलियन मालिका पाहता पाहता ही मुले शेजाऱ्यांची कुजबूज, घराण्याची इज्जत, मुलींवरची बंधने यांवर बोलत. जे घरात थेट बोलता येत नव्हते ते मालिकेच्या आडून बोलता येत होते. मालिका परकी, पण अर्थ अगदी घरचा.

हॉल यांचा सिद्धांत शेवटी त्यांच्यावरच उलटला, असेही म्हणता येईल. मुंबई विद्यापीठात शिकलेले भिखू पारेख यांच्या अध्यक्षतेखालच्या एका आयोगाचे ते सदस्य होते. २००० साली आलेल्या अहवालात म्हटले होते की ‘ब्रिटिश’ या शब्दाला न बोललेली वांशिक छटा आहे. काही वृत्तपत्रांनी ‘वांशिक’चे ‘वंशद्वेष्टे’ केले आणि गदारोळ उडवून दिला. बाकीचा जाडजूड अहवाल बाजूलाच राहिला. पुढे २००२ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाने तो विभागही बंद केला. १० फेब्रुवारी २०१४ रोजी हॉल गेले. तोवर तो विषय मात्र एका इमारतीत मावण्याच्या पलीकडे गेला होता.

मग आपण यातून काय घ्यायचे? उद्या सकाळी वर्तमानपत्र उघडाल, तेव्हा कुठल्याही वस्तीची, कुठल्याही समाजाची एखादी बातमी घ्या. तिच्यात पहिले कोण बोलले ते पाहा. ज्यांच्याविषयी बातमी आहे त्यांना बोलायला मिळाले का, आणि मिळाले तर कितव्या परिच्छेदात, ते मोजा. एवढ्याने जग बदलणार नाही. पण देवळालीच्या छावणीतला रंगी राम स्वतः बोलला असता तर काय बोलला असता, हा प्रश्न निदान आपल्या मनात येईल.