हिवाळ्यात ट्राउटच्या नद्या बंद का असतात?

हिमाचल प्रदेशातील तीर्थन, बास्पा, उहल आदी नद्यांवर कृत्रिम माशी लावलेल्या गळाने ट्राउट मासा पकडण्यासाठी पर्यटक येतात. नाताळच्या सुटीत येणाऱ्यांना मात्र ही संधी मिळत नाही. राज्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या मासेमारीस बंदी असते. कारण हा या माशांचा विणीचा हंगाम होय.

तपकिरी ट्राउट हा मासा ब्रिटिश काळात, सुमारे १९०० साली काश्मीरमध्ये व त्यानंतर हिमाचलात आणला गेला. मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी नदीतळाच्या खडीत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि ती फलित झाल्यावर खडीने झाकते. खडीच्या फटींतून वाहणारे पाणी अंड्यांना प्राणवायू पुरवते. पाण्याचे तापमान १० अंश सेल्सिअस असल्यास पिल्ले बाहेर येण्यास सुमारे दीड महिना लागतो. ५ अंशांवर हा काळ जवळपास दुप्पट होतो. पिल्लेही प्रारंभी काही आठवडे खडीतच राहून अंड्यातील पीतकावर वाढतात.

म्हणूनच मासा पकडून परत सोडणेही या काळात निरुपद्रवी ठरत नाही. पात्रात उतरलेल्या माणसाच्या पायांखाली अंडी चिरडली जातात आणि ढवळलेला गाळ फटींत बसून उरलेल्या अंड्यांचा प्राणवायू तोडतो.

मार्चमध्ये हंगाम खुला होतो. तेव्हा मत्स्य विभागाचा परवाना घेऊन गळ टाकता येतो. हिवाळी सहलीत मात्र नदीचा आनंद काठावरूनच घ्यावा.