इफ्तारनंतरची डबी

मगरिबची अजान झाली की आमच्या घरात सगळ्यांचे हात एकदमच खजुराकडे जातात. मग पाणी, एखादी भजी, कलिंगडाची फोड आणि नमाज. तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या इफ्तारचा आणखी एक भाग होता आणि तो दस्तरखानावर नसायचा. नमाज उरकली की मी मागच्या खोलीत जायचे, दार लोटायचे, कपाटातल्या साड्यांमागून पत्र्याची छोटी डबी काढायचे आणि बोटानं मिश्री लावायचे.

उर्दूत मिश्री म्हणजे खडीसाखर. उत्तरेकडून आलेल्या माझ्या एका सहकारी प्राध्यापिकेला बरेच दिवस वाटायचं की, इथल्या बायका दातांना साखर का चोळतात! आपल्या भागात मात्र कुणाला सांगायला नको. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, चाळायची. तो वास ओळखत नाही असं घर या गावात विरळाच. माझी दादी आणि शेजारच्या काकू एकाच तव्यावर दोघींची मिश्री भाजायच्या. एकीच्या घरी चतुर्थी, दुसरीच्या घरी रमजान. ठसका मात्र सगळ्या गल्लीला सारखा. मी बारा वर्षांची असताना दाढ दुखली, तेव्हा दादीनंच चिमूटभर मिश्री हिरडीवर दाबली होती. ठणका थांबला. सवय लागली ती तिथून.

बी.ए. झाले, एम.ए. झाले, नोकरी लागली, लग्न झालं. डबी सोबत होतीच. दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावायचे. कॉलेजात व्यसनमुक्ती सप्ताहाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन एकदा माझ्याकडे आलं. ते मी केलं, चांगलं केलं आणि घरी आल्याबरोबर मागच्या खोलीत गेले. हे लिहितानाही कान गरम होतात.

शिकलेल्या बाईला हे कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेतात असं आढळलं होतं, म्हणजे जवळजवळ चारात एक. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पण मिश्रीला आपण व्यसनात धरतच नाही. ते ‘दात घासणं’ असतं. बाई गरोदर असताना मिश्री लावत राहिली तर बाळाचं वजन कमी भरू शकतं, हे माहीत असलेल्या घरांतही ‘दात घासणं’ चालूच असतं.

रमजानमध्ये माझी एक मोठी सोय व्हायची. रोजात तोंडात काहीच चालत नाही, मिश्रीही नाही. सहरीचं शेवटचं बोट फजरच्या अजानीआधी, त्यानंतरचं थेट मगरिबनंतर. मधले तेरा-साडेतेरा तास कोरडे. पहिले तीन-चार रोजे डोकं ठणकायचं, चिडचिड व्हायची. दहाव्या रोजापर्यंत दिवसा तिची आठवणही येत नसे. आणि मी स्वतःला सांगायचे, बघ, मनात आणलं तर सुटते. इतकं सांगून झालं की संध्याकाळी डबी उघडायची.

मुलीच्या दातांना तार बसवायची होती म्हणून दंतवैद्याकडे गेलो होतो. तिचं झाल्यावर डॉक्टर सहज म्हणाले, “मॅडम, तुम्हीही बसा.” खालच्या ओठाच्या आत, जिथं मी मिश्री दाबायचे, तिथं पांढरा चट्टा होता. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की तंबाखू पूर्ण थांबवली तर असे चट्टे पुष्कळदा जातात, पण काही जणांत पुढे त्यांचा कर्करोग होतो. सहा आठवडे बंद करून परत या, राहिला तर तुकडा तपासायला पाठवू.

अशा वेळी माणूस घाबरतो आणि सुधारतो, असं आपण गोष्टींत वाचतो. मी घाबरले आणि लपायला लागले. चार महिने त्या दवाखान्याच्या रस्त्यानं गेले नाही. आरशात ओठ उलटून पाहणं बंद केलं. नवऱ्याला म्हटलं, “सगळं ठीक आहे म्हणाले.” भीतीनं धाडस येतं हे निदान माझ्या बाबतीत खोटं ठरलं. आपल्या धर्मात दारू तीन टप्प्यांत बंद झाली, आधी नुकसान फायद्याहून मोठं आहे एवढंच सांगितलं, मग नशेत नमाजला जाऊ नका म्हटलं आणि शेवटी पूर्ण मनाई, हा दाखला मी स्वतःला वर्षानुवर्षं देत आले होते. हळूहळू सोडेन. त्या हळूहळूलाही शेवटचा दिवस होता आणि त्या दिवशी मदिनेच्या गल्ल्यांतून ओतलेली दारू वाहिली, हा भाग मी सोयीनं गाळायचे.

मग रमजान आला. तरावीहनंतर आमच्या गल्लीतल्या बायका थोडा वेळ बसतात, कुणीतरी एखादा किस्सा सांगतं. त्या रात्री फुजैल बिन इयाज यांचा निघाला. हिजरी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा माणूस आधी वाटमाऱ्या होता, पुढे मोठा संत मानला गेला. परंपरेनं चालत आलेली कथा अशी की, तो प्रेयसीकडे जाण्यासाठी भिंत चढत होता, तेव्हा आतून कुराणपठण ऐकू आलं. मनं नरम होण्याची वेळ अजून आली नाही का, अशा आशयाची ती आयत होती. तो खाली उतरला. ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. पुढचा भाग मात्र मी कधी नीट ऐकला नव्हता. तो एका पडक्या जागेत गेला. तिथं काफिल्यातले प्रवासी आपसात बोलत होते, रात्री निघायला नको, वाटेत फुजैल आहे. स्वतःचं नाव त्यानं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं, तेही असं.

दोनच दिवसांनी, सतरावा रोजा होता. इफ्तारला माझी मावसबहीण लेकीला घेऊन आली होती. नमाजनंतर मी दार लोटून आत होते. बाहेर ती छोटी माझ्याकडे यायला निघाली असावी. माझ्या मुलीचा दबका आवाज आला, “आत्ता नको जाऊ. अम्मी पाच मिनिटांत येते. मी कुणालाच नाही जाऊ देत.”

मुलगी अकरा वर्षांची. किती दिवसांपासून ती त्या दाराशी पहारा देत होती, मी आजवर विचारलेलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी डबी दस्तरखानावर आणून ठेवली आणि दवाखान्यातली गोष्ट सगळी सांगितली. नवरा गप्प झाला. अम्मी, जिची स्वतःची डबी कमरेला असते, तीही गप्प. मुलगी डबी उचलून मोरीत ओतून आली. मोरी दोन दिवस वास मारत होती.

पुढचं फार शूरपणाचं नाही. दिवस रोजानं सांभाळला, रात्री भारी गेल्या. आमच्याकडे रोजाची नियत रोज नव्यानं करतात, पूर्ण महिन्याची एकदम नाही. मी रात्रीचीही तशीच करायला लागले, फक्त आजच्यापुरती. तल्लफ काही मिनिटांची असते, तेवढी टाळली की ओसरते, हे मला १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावरच्या बाईंनी सांगितलं. तेवढ्या मिनिटांसाठी लवंग, बडीशेप, गच्चीवर एक फेरी. ईदच्या दुसऱ्या दिवशी मी घसरले. पाहुण्यांची गर्दी, झोप नाही आणि अम्मीची डबी उघडी पडलेली. एक बोट. त्याच रात्री मुलीला सांगितलं. ती म्हणाली, “बरं. आजची नियत उद्या कर.”

त्यानंतर नाही. सहा आठवड्यांनी दवाखान्यात गेले. चट्टा फिकट झाला होता, पुढच्या खेपेला दिसला नाही. डॉक्टर अजूनही दर सहा महिन्यांनी बोलावतात, मी जाते. मागच्या खोलीला आता पडदा आहे, दार काढून टाकलं. खरं तर ते बिजागरीतून निखळलंच होतं; आम्ही परत बसवलं नाही एवढंच.

अम्मी सत्तरीची आहे. तिला कुणी काही म्हटलेलं नाही, मी तर नाहीच. ती अजून भाजते, फक्त तवा आता परसात नेते. यंदा तिसऱ्या रोजाला इफ्तार झाल्यावर मी भांडी विसळत होते. ती दाराशी येऊन उभी राहिली, कमरेच्या डबीवर हात ठेवून.

“इफ्तार के बाद का,” तिनं विचारलं, “कित्ते दिन याद आता गे?”

मी नळ बंद केला आणि खरं ते सांगितलं.